वजा केलेली खरखर

माझं काम झाडू मारण्याचं आहे. पदाचं नाव लांबलचक आहे, दारावरच्या पाटीवर ते एका ओळीत मावत नाही. पण दोन्ही ओळी वाचल्या तरी अर्थ तोच निघतो.

आमच्या संशोधन संस्थेच्या तळघरात एक मायक्रोस्कोप आहे. साध्या मायक्रोस्कोपला जिथे नुसता धुरकट ठिपका दिसतो, तिथे याला पेशीच्या भिंतीतले खांब दिसतात. पण इतकं बारीक बघायचं म्हणजे उजेड चिमूटभर मिळतो, आणि चिमूटभर उजेडातलं चित्र रवाळ येतं. सगळीकडे दाणे. या दाण्यांना आम्ही खरखर म्हणतो. रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की यायची तीच, फक्त डोळ्यांना दिसणारी. ही खरखर काढून टाकायची आणि पेशी मात्र जागच्या जागी ठेवायची, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. घरी मी साधा केर काढला तरी बायको म्हणायची, "कोपरे राहिले."

खोलीला खिडकी नाही. भिंती काळ्या. मधोमध एक जडशीळ टेबल, ते हवेच्या गाद्यांवर तरंगतं. वरच्या मजल्यावर कुणी टाच आपटली तरी चित्र हलू नये म्हणून. दार जाड, आतून काळा फोम लावलेलं, आणि त्याला आतल्या बाजूनं स्टीलची कडी. चित्र घेताना कुणी उजेड आत सोडू नये यासाठी ती लावायची. ती लावली की बाहेर लाल दिवा लागतो. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला येणाऱ्यांच्या बुटांवरून कळतं. माझी खुर्ची कुरकुरते. तेल घालून झालं, स्क्रू आवळून झाले. शेवटी मी त्या कुरकुरीला सहकारी समजू लागलो.

या धंद्यात एक नियम आहे. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी तो शिकवतो. साफ झालेल्या चित्राकडे बघून खूश होऊ नका, टाकलेल्याकडे बघा. मूळ चित्रातून साफ चित्र वजा करायचं. जे उरतं तो कचरा. कचरा अगदी निरर्थक दिसायला हवा, नुसते दाणे, ना आकार ना उकार. त्यात एखादी रेघ, एखादं वळण दिसलं, तर समजायचं की केराबरोबर घरातली वस्तूही बाहेर गेली.

दुसरी सवय माझी स्वतःची. मी कचरा ऐकतो. आमचा मायक्रोस्कोप एकच फोटो काढत नाही, एकामागून एक हजारो काढतो आणि त्यांची चळत लावतो. त्या चळतीतला कचरा वेग वाढवून स्पीकरवर लावला की खरखर ऐकू येते, आणि त्या खरखरीत लिफ्टची मोटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर गुणगुणत असेल तर कान लगेच पकडतो. कोणत्या यंत्रामुळे टेबल हलतंय ते कळतं. शेजारच्या खोलीतल्या फ्रिजचं दुखणं मी एकदा असंच दुरुस्तीवाल्याच्या आधी ओळखलं होतं. त्याचं कुणी कौतुक केलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

आता बायकोबद्दल.

ती शाळेत गणित शिकवते. आम्ही कॉलेजपासून एकमेकांना ओळखतो, त्यामुळे 'अरे-तुरे'. 'अहो' ती फक्त भांडण पेटल्यावर म्हणायची, आणि त्या 'अहो'नं काच तडकली असती. माणूस म्हणून ती आवाजांची पेटी होती. चालताना डावी चप्पल फरफटायची. एका गाण्याची अर्धी ओळ दिवसभर गुणगुणायची आणि वरच्या सुरावर दर वेळी त्याच जागी घसरायची. माझं म्हणणं खोडून काढण्याआधी "च्" करायची. मला बोलण्याआधी घसा साफ करून "हं, म्हणजे…" म्हणायची सवय आहे, त्यावर तिचं ठरलेलं असायचं, "मुद्द्यावर ये." आणि ती वस्तूंशी भांडायची. आमच्या बाथरूमची कडी अडकते. रोज सकाळी आतून ऐकू यायचं, "उघड की मेल्या! मी तुझं काय घोडं मारलंय?"

एके दिवशी तिची चप्पल फरफटेना. पाय सुजले होते, चप्पल घट्ट बसत होती.

"चप्पल आटलीय," ती म्हणाली.

"चप्पल आटत नसते."

"च्. मग मी वाढले असेन. तसंही वाढायचं वय आहे."

किडनीचं दुखणं निघालं. औषधं झाली, पथ्य झालं, मी माझी एक किडनी द्यायला तयार झालो. त्या तपासण्यांत माझ्या किडनीचाही एक कण सुईनं काढला, आणि मग अगदी शेवटच्या चाचणीत आमचं जुळलं नाही.

"इतकी वर्षं नाही जुळलं, ते आता कशाला जुळेल," बायको डॉक्टरबाईंना म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

किडनीत एक गाळणी असते. तिच्यावर बसलेल्या पेशींना बारीक पाय असतात, आणि दोन पेशींचे पाय एकमेकांत गुंफलेले असतात, जाकिटाची चेन लावल्यासारखे. ही चेन शाबूत असली तर रक्तातलं हवं ते रक्तात राहतं.

"पाय उभे असतील तर गोळ्यांवर भागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सपाट झाले असतील तर दुसरी किडनी लागेल. ती मिळेपर्यंत…" त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही हो. तुमच्याकडच्या मशीनवर बघाल का?"

आमच्या प्रमुखांची परवानगी लागणार होती. त्यांना आम्ही ढग म्हणतो. येतात, अंधारून येतं, पडत काही नाही. ढगांनी एकच प्रश्न विचारला.

"कंट्रोल काय घेणार?"

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठीचा निरोगी नमुना. आजारी नमुन्याला जे जे करायचं ते ते सगळं त्यालाही करायचं, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

"मीच," मी म्हणालो.

"हरकत नाही," ढग म्हणाले, आणि सरकले.

दोघांचे काप एकाच काचपट्टीवर शेजारी शेजारी बसवले. वर पातळ काच, कडेनं नेलपॉलिश लावून बंद. लग्नाच्या फोटोतही आम्ही इतके जवळ नव्हतो.

माझं चित्र झकास आलं. पाय कसे एकमेकांत गुंफलेले, रेखीव, शिस्तशीर. मला स्वतःच्या किडनीचा थोडा अभिमानही वाटला. मग तिचा काप घेतला. तिच्या कापाला रंग कमी धरला होता. हा रंग उजेडात चमकतो, आणि चमकता चमकता जळून जातो. एकदा जळला की पुन्हा फोटो नाही. जे आलं ते आलं. आणि जे आलं त्यात दाण्यांशिवाय काही नव्हतं. दाण्यांच्या आड पाय उभे होते की आडवे, देव जाणे.

इथे मी एक चूक केली. ती चूक आहे हे माहीत असताना केली. अशा चुकीवर मी दरवर्षी एक व्याख्यान देतो.

साफसफाईचा प्रोग्रॅम आधी शिकवावा लागतो. त्याला चित्रं दाखवायची, की बाबा रे, पेशी अशी असते, खरखर अशी असते. माझ्याकडे चांगली चित्रं होती ती फक्त माझ्या किडनीची. ज्यानं आयुष्यात निरोगी पायच बघितलेत, त्याला सगळीकडे निरोगी पायच दिसणार. त्याला पांढरा कागद दाखवला तरी तो त्यावर चेन काढून देईल. हे सगळं ठाऊक असून मी त्याला माझ्यावर शिकवलं आणि तिच्यावर सोडलं. म्हटलं, बघू तर.

चित्र साफ झालं. उभे पाय, रेखीव चेन. सुंदर. इतकं सुंदर की ते तिचं असणं शक्य नव्हतं.

नियमाप्रमाणे मी कचरा उघडला. त्यात सपाट पट्टे होते. ओल्या वाळूवरून कुणी हात फिरवावा तसे. तिचं खरं दुखणं सगळं कचऱ्यात गेलं होतं, आणि माझी किडनी तिच्या नावावर चमकत होती.

दोन्ही फायली पुसून टाकायला मी हात नेला, तेवढ्यात फोन वाजला.

"आजचा रक्ताचा रिपोर्ट बघितलात?" डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "मला वाटलं लॅबनं नमुने बदलले. पुन्हा करायला लावलं. तेच. अहो, सुधारतंय!"

मी फायली पुसल्या नाहीत. कारण सांगता येणार नाही. योगायोग असतात, गोळ्या चालू होत्या, त्यांना गुण येतच असतो. मी शिकलेला माणूस आहे, माझ्याकडे अशी स्पष्टीकरणं भरपूर असतात. कचऱ्यातलं जे दिसलं ते डॉक्टरबाईंना सांगितलं, साफ चित्रावर विसंबू नका म्हणालो. त्या म्हणाल्या, "चित्र राहू द्या, पेशंट बघा."

पेशंट बघितला. सूज उतरली. चेहऱ्यावर तजेला आला. ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. चप्पल पायात बसली, आणि फरफटली नाही. पावलं अगदी मोजून टाकल्यासारखी, समान अंतरावर, बिनआवाजी. ती स्वयंपाकघरातून बाहेर आल्याचं मला ती समोर उभी राहिल्यावर कळायचं.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिचा फोन आला.

"बाबा, आई बरी आहे ना नक्की?"

"उत्तम आहे. का गं?"

"मी नोकरी सोडायचं म्हणतेय असं सांगितलं तिला. तर म्हणाली, तुला योग्य वाटेल ते कर. बाबा, ती ओरडलीच नाही. मी दहा मिनिटं फोन कानापासून लांब धरून बसले होते."

मी हसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की घरात कुणी गुणगुणत नव्हतं. ती अर्धी ओळ शेवटची कधी ऐकली, ते आठवेना.

त्या दिवशी मी मुद्दाम जेवताना एक लांबलचक, कंटाळवाणी गोष्ट सुरू केली. घसा साफ केला, "हं, म्हणजे" म्हणालो, फाटे फोडले, परत फिरून आलो. ती ऐकत होती. शेवटपर्यंत. मधे "च्" नाही, "मुद्द्यावर ये" नाही. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "किती छान सांगता हो तुम्ही."

हो. तुम्ही. काच तडकली नाही. त्या शब्दाला धारच नव्हती.

लग्न झालेल्या माणसांना यातली भीती वेगळी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाथरूममध्ये गेली. मी दाराबाहेर उभा राहिलो, पेपर वाचण्याचं सोंग करत. कडी पहिल्या झटक्यात निघाली. ती बाहेर आली, माझ्याकडे बघून हसली आणि बिनआवाजी निघून गेली. मग मी आत जाऊन कडी लावली. नेहमीसारखी अडकली. मला ती काढायला चांगलाच घाम फुटला.

ऑफिसात आल्यावर मी तिचा कचरा स्पीकरवर लावला. लिफ्टची मोटर ऐकायला, असं स्वतःला सांगितलं.

आधी खरखर. जाड, एकसारखी, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. मोटर नव्हती. कॉम्प्रेसर नव्हता. खरखरीच्या तळाशी मात्र काहीतरी चढत होतं, उतरत होतं. मी कान स्पीकरला लावला.

अर्धी ओळ होती. वरच्या सुरावर गेली आणि त्याच जागी घसरली.

मी स्पीकर बंद केला, खोलीतले दिवे लावले, पाणी प्यायलो. माणसाचा कान खरखरीत ओळखीचे आवाज शोधतो. यावरही माझं व्याख्यान आहे. पुन्हा लावलं. गुणगुण थांबली होती. चप्पल फरफटत होती. थोडं चालून थांबायची, वळायची, पुन्हा चालायची. खोली लहान असावी. मग ठक ठक, धातूवर धातू.

"उघड की मेल्या," स्पीकर म्हणाला. "मी तुझं काय घोडं मारलंय?"

त्यानंतर माझं दिवसभराचं काम तेच झालं. दाराला कडी, बाहेर लाल दिवा, आत मी आणि खरखर. लोकांना वाटायचं मी फार मोठं काहीतरी शोधतोय. ती आत कडीशी भांडायची, दमली की गुणगुणायची. कधी कधी गणितं सोडवायची, तोंडी, मोठ्यानं, वर्गाला सांगतात तशी. तिथे करमत नसावं. मी "ऐकू येतंय का?" असं स्पीकरला विचारलंही. स्पीकरला कान नसतात.

बाहेर काढणं सोपं होतं. तिनंच पोरांना शिकवली असती अशी बेरीज: साफ चित्र अधिक कचरा, बरोबर मूळ चित्र. जे वजा केलं ते परत मिळवायचं. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक पट्टी असते, किती साफ करायचं ते ठरवणारी. ती थोडी मागे सरकवायची, इतकंच.

मी ती नखाएवढी सरकवली.

संध्याकाळी घरी पोचलो तर दारातच आवाज आला, "दूध विसरलास ना?" डावी चप्पल फरफटली. मी तिथेच, बूट न काढता, भिंतीला टेकून उभा राहिलो. तिनं विचारलं, "काय झालं? भूत बघितल्यासारखा काय उभा आहेस?" रात्रभर घोरली. मी जागाच होतो आणि इतका सुखात कधी जागा राहिलो नव्हतो.

सकाळी तिच्या पायांवर सूज होती. दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. "हे कसं झालं? एकदम घसरलंय. असंच राहिलं तर मला तुमच्याशी समोर बसून बोलावं लागेल."

मी खाली गेलो आणि पट्टी पुन्हा शेवटपर्यंत नेली.

संध्याकाळपर्यंत सूज उतरली. डॉक्टरबाईंनी देवाचे आभार मानले. घरात शांतता झाली. आणि स्पीकरवर बायको जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. कडीवर ती काहीतरी आपटत होती. "अरे, दार लावलंस?" ती ओरडत होती. "आत्ता उघडलं होतं! कुणी लावलं? अरे, तू आहेस का तिकडे?"

ऐकवेना. मी स्पीकरचा आवाज बारीक केला. काय करणार?

पट्टी पुढे असली तर ती जगणार होती. मागे असली तर ती माझी असणार होती, थोडे महिने. मधे कुठेतरी जागा असेल म्हणून मी केसाएवढी सरकवून बघितली. केसाएवढी सूज आली. मधे जागा नव्हती.

शेवटी घरातलीला विचारलं. ती पोरांच्या वह्या तपासत होती, लाल पेनानं, एकही उसासा न टाकता.

"तुला काही कमी पडल्यासारखं वाटतं का गं?"

"नाही हो," ती म्हणाली. "किती हलकं वाटतंय." मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं, "तुम्हीच थकलेले दिसता. तुम्हीही करून घ्या ना."

"काय करून घेऊ?"

तिनं पुढची वही घेतली.

दुसऱ्या दिवशी ढग तळघरात आले. डॉक्टरबाईंना हे प्रकरण परिषदेत मांडायचं होतं, तिचं साफ चित्र पडद्यावर होतं, ढग प्रसन्न होते. म्हणजे नुसतंच अंधारून आलं होतं.

"कंट्रोल कुठेय?"

"मूळ चित्र आहे ना."

"मूळ नको. साफ केलेलं. नमुन्याला जे केलं ते कंट्रोलला केलं नाहीत? तुम्ही?" ते दाराशी थांबले. "नवीन पोरांना तुम्हीच शिकवता ना हे?"

मी शिकवत होतो. आणि केलं नव्हतं. करायची गरज नव्हती: प्रोग्रॅम माझ्यावरच शिकला होता, मला साफ करून त्याच्या हाती काय लागणार? माझा कचरा रिकामा निघायला हवा. नुसते दाणे.

निवड करायची वेळ आली की मी नियम पाळतो. माझ्यासारख्या माणसांनी फार पूर्वी शोधून काढलेली ती सोय आहे. आणि खरं सांगायचं तर, कचरा ही एकच जागा होती जिथे ती होती.

दाराला कडी लावली. माझं चित्र उघडलं. पट्टी शेवटपर्यंत नेली आणि बटण दाबलं.

साफ चित्र आलं. मूळ चित्रासारखंच, थोडं अधिक नीटनेटकं. कचरा उघडला. दाणे. ना आकार ना उकार. मी सुस्कारा सोडला, आणि सवयीनं स्पीकर लावला.

खरखर. तळाशी मोटर नाही, कॉम्प्रेसर नाही.

मग खुर्ची कुरकुरली.

मी खुर्चीत होतोच, त्यामुळे दचकायचं कारण नव्हतं. पण कुरकुर स्पीकरमधून आली होती.

मी हललो नाही. स्पीकरही गप्प झाला. मी थोडा मागे रेललो. कुरकुर आली, माझ्या खालून आणि स्पीकरमधून, एकाच वेळी.

"हं, म्हणजे…" मी म्हणालो.

"हं, म्हणजे…" स्पीकर म्हणाला. मग माझ्या खालची कुरकुर आणि त्याची कुरकुर वेगळी काढता येईना. खरखर आता स्पीकरमधून येत नव्हती. ती खोलीत होती, चारी भिंतींतून, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी.

मी उठलो. कडीला हात घातला. कडी अडकली होती.

ही कडी कधी अडकत नाही. स्टीलची आहे.

मी घरी फोन लावला. तिनं उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मी बोलतोय. दार अडकलंय, जरा संस्थेत फोन कर…"

"हॅलो? नुसती खरखर येतेय."

तिच्यामागे ताटं मांडल्याचा आवाज आला. मग एका पुरुषाचा. "कोण आहे गं?"

आवाज माझा होता. घसा साफ न करता बोलला होता.

"कुणी नाही हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी पुन्हा कडी ओढली. मग दोन्ही हातांनी. मग खांदा लावला.

मागे, टेबलाच्या पलीकडे, डावी चप्पल फरफटली.

"च्," ती म्हणाली. "तशी नाही निघत. मी करून बघितलंय सगळं."

मी वळलो नाही. वळायची भीती नव्हती. रडताना तिच्यासमोर उभं राहायची सवय नाही.

"किती वेळ लावलास," ती म्हणाली. माझ्या शेजारी येऊन तिनं कडीवर हात ठेवला. हात सुजलेला होता, गरम होता. "चल, दोघं मिळून ओढू. आणि काही बोलायचं असेल तर मुद्द्यावर ये."

आम्ही ओढत राहिलो. किती वेळ, ते इथे कळत नाही. ती दमली की गुणगुणते, मी वरच्या सुराची वाट बघतो, ती घसरते.

मग खरखरीच्या पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढली.

खुर्ची कुरकुरली नाही. पण बसणं माझंच होतं. माणसाला स्वतःचं बसणं कळतं. माझा जीव भांड्यात पडला. तो मीच आहे, म्हणजे तो नियम पाळणार. साफ चित्रावर खूश होणार नाही. कचरा उघडेल. कचरा ऐकेल.

"थांब," मी तिला म्हणालो. "तो ऐकतोय."

आम्ही दोघं ओरडलो. ओरडण्यात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. तिच्या वर्गातल्या पोरांना विचारा. मी कडीवर मुठी आपटल्या. तिनं त्याला नावानं हाक मारली, 'अरे' म्हणून. पलीकडे श्वास थांबल्यासारखं झालं. तो स्पीकरजवळ वाकला असावा.

त्यानं आम्हाला ओळखलं. मला खात्री आहे. कारण तो बराच वेळ तसाच थांबला.

मग त्यानं आवाज बारीक केला.